फाटकातली फट आणि उलटी गेलेली जीप

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, तुम्हाला त्यांच्या मुलाच्या लग्नाची गोष्ट सांगितली. त्यात नवरदेवाची जीप उलटी चालत थेट परभणीपर्यंत गेली. गेल्या दिवाळीत हीच जीप पिंगळी स्टेशनापर्यंत गेली होती, आणि त्याच्या आदल्या दिवाळीत फक्त साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत. तुमची लग्नं होईतो ती हैदराबादला पोचेल, आणि तुम्ही दोघं तिकडे बसून ते खरं मानाल. म्हणून आजच लिहून ठेवते. मी त्या दिवशी जीपच्या मागच्या टेम्पोत होते आणि माझी स्मरणशक्ती धाकट्या आजोबांच्या कल्पनाशक्तीइतकी सुपीक नाही.

दुसरं कारण तुमच्यापैकी धाकटीचं. आत्या रेल्वेत काय काम करते, असं तिने विचारलं. "दोन रुळांमधलं अंतर सांभाळते," असं मी सांगितलं. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "रूळ काय पळून जातात का?" फोनमध्ये तुम्ही दोघंही हसलात. हसा. पण पुढचं वाचून मग हसा.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. ती भाषा मी आयुष्यभर परभणीच्या शाळेत शिकवली. पण धाकट्या आजोबांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ते सभ्य होतं, आणि मग ते त्यांचं राहत नाही. तेव्हा अडखळत वाचा.

तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं असेलच की आमच्या घरात चपला एका रेषेत ठेवाव्या लागत. डबे उंचीप्रमाणे, पुस्तकं विषयाप्रमाणे, आणि अंथरूण घातल्यावर चादरीची चारही टोकं बघितल्याशिवाय झोपायचं नाही. तुमचे वडील या शिस्तीला कंटाळून समुद्रापलीकडे गेले, असं ते गमतीने म्हणतात. मी ते गमतीने ऐकत नाही. तुमच्या आत्याने मात्र तीच शिस्त उचलली, इंजिनिअरिंग केलं आणि रेल्वेच्या मार्गाची देखभाल करणाऱ्या खात्यात गेली. म्हणजे ज्या खोडीवरून घरभर माझं हसं व्हायचं, त्याच गोष्टीचा तिला पगार मिळतो. न्याय असतो जगात.

आता रुळांबद्दल. बाईसाहेब, रूळ पळतात. सावकाश पळतात, डोळ्याला दिसत नाही इतके. गाडीचं वजन त्यांना बाहेर रेटतं, ऊन त्यांना ताणतं, आणि त्यांना खालच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे स्लीपरला, धरून ठेवणारे लोखंडी चाप हळूहळू ढिले पडतात. उघड्या मार्गावर हे दुखणं रोजच्या फेरीला नजरेत भरतं. रस्ता जिथे रूळ ओलांडतो त्या फाटकात मात्र सगळं डांबराखाली झाकलेलं असतं. वरून उसाचे ट्रॅक्टर जातात, बैलगाड्या जातात, चिखल मुरतो, आणि खाली लोखंड गंजत बसतं. म्हणून ठरावीक काळाने फाटकातला रस्ता खणून काढायचा, खालचं सगळं तपासायचं, रुळांमधलं अंतर मोजायचं आणि पुन्हा बसवायचं.

फाटकात आणखी एक भानगड असते. गाडीच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते, तीच चाकाला रुळावर ठेवते. रस्त्याचं डांबर रुळाला चिकटवलं तर ती कड जाणार कुठून? म्हणून मुख्य रुळाच्या आत, थोडी फट सोडून, दुसरा एक आखूड रूळ बसवतात. त्याला चेक रेल म्हणतात. त्याची टोकं नरसाळ्याच्या तोंडासारखी जराशी फाकवलेली असतात, म्हणजे चाक आत शिरताना अडखळत नाही. ती फट जास्त झाली तरी वाईट, कमी झाली तर फारच वाईट. एवढं समजलं की पुरे. पुढची सगळी गोष्ट त्या फटीची आहे.

आमचं गाव पिंगळीच्या अलीकडे, आणि गावापासून थोड्या अंतरावर ते फाटक. तेव्हा तिथे एकच मार्ग होता. मुलीचं गाव फाटकापलीकडे, अगदी जवळ. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे सूर्य मावळता. आणि नेमक्या त्याच दिवशी फाटकाचं काम निघालं. आत्याची तिथे नुकतीच नेमणूक झाली होती आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं हे तिचं पहिलंच फाटक. रस्ता सकाळपासून दुपारी चारपर्यंत बंद राहणार अशी पाटी आधीच लागली होती. शिवाय तिने साखरपुड्यातच धाकट्या आजोबांना समोर बसवून सांगितलं.

"काका, चारपर्यंत कुणालाही जाता येणार नाही. पत्रिकेत निघायची वेळ चारची टाका."

"चार टाकलं की लोक सातला निघत्याल, माय. मी बाराचं टाकतो. म्हंजे बरोबर चारला निघत्याल. समदा हिशेब हाय माझा."

हिशेब खरोखर चोख होता. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या बारा म्हणजे चारच. पण त्यांनी एक चूक केली. वऱ्हाड घराबाहेर काढायची जबाबदारी त्यांनी माझ्याकडे दिली.

काम मोठ्या मानाने दिलं होतं. ते पूर्ण होईल ही शक्यता त्यांच्या ध्यानात आली नव्हती, इतकंच. मी सकाळीच बायकांच्या आंघोळीचा क्रम लावला, आहेराची ताटं आधी टेम्पोत चढवली, आणि फेटा बांधणाऱ्याला चहा फेटे झाल्यावरच मिळेल असं सांगितलं. तुमचे आजोबा तेव्हा होते. ते ओसरीवर पेपर वाचत होते, आणि मी समोरून गेले की पेपर थोडा वर धरत होते. बाराच्या ठोक्याला नवरदेव मुंडावळ्या बांधून जीपमध्ये बसला होता. धाकटे आजोबा बनियनवर होते.

"वैनी, इतक्यात?"

"पत्रिकेत बारा आहे, भाऊजी."

भर बायकांत, आपणच छापलेल्या पत्रिकेविरुद्ध ते काय बोलणार? घाईघाईने सदरा चढवून आले.

गावच्या मारुतीला नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, निघालो. इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मारुतीला नारळ फोडून निघालेला नवरदेव मुलीच्या गावी पोचेपर्यंत आपल्या गावाकडे तोंड करत नाही. मागे वळायचं नाही, मान फिरवून बघायचंसुद्धा नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. मी लग्न होऊन आल्यावर विचारलं होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "कारण असतं तर रीत कशाला लागली असती?" बाकी वऱ्हाडाला हे बंधन नाही. फक्त नवरदेवाला.

फाटकाशी पोचलो तर दांडी खाली, आणि पलीकडे रस्ता नावाची गोष्टच नव्हती. डांबराचे तुकडे एका बाजूला, खडी दुसऱ्या बाजूला, मधे स्लीपर उघडे पडलेले, आणि रेल्वेच्या गँगची माणसं पहारी घेऊन कामाला लागलेली. त्यांच्यात नारिंगी जाकिटात तुमची आत्या. तिने आमच्याकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं.

धाकटे आजोबा जीपमधून उतरले. "उघडायला कितीक वेळ हाय?"

"चारला उघडणार काका. आता साडेबारा झालेत."

ते माझ्याकडे वळले. "वैनी, तुमी लय लवकर आणलं."

"तुम्ही सांगितलेल्या वेळेला आणलं."

"सांगितलेल्या वेळेला कुणी निघतं का, वैनी!"

टेम्पोतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. धाकट्या आजोबांनी मग तोडगा काढला. "पोरी, दोन पत्रे टाक रुळावर. एकटी जीप काढतो. बाकीचे येत्याल मागून."

"खाली माणसं काम करायलीत, काका. पत्रे त्यांच्या डोक्यावर टाकू का?"

तेव्हा बाभळीच्या सावलीत बसणं आलं. उन्हाळा होता, दोन्हीकडची काळी रानं मोकळी पडलेली. बँडवाले सनई उशाला घेऊन आडवे झाले. नवरदेव जीपमध्येच, तोंड मुलीच्या गावाकडे करून, घामाघूम.

पण काम चांगलं चाललं होतं. रुळांमधलं अंतर आत्याने गेज लावून बघितलं. गेज म्हणजे एक लांब दांडा, त्याची दोन्ही टोकं दोन रुळांना आतून बरोबर भिडली पाहिजेत. भिडली. चाप बदलले होते, ते ठोकून पक्के झाले. चेक रेल बसले, बोल्ट आवळले. गँगचा मुकादम कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "झालं मॅडम. आता रस्ता भरायचा ऱ्हायला." चार वाजायला अजून बराच वेळ होता. धाकट्या आजोबांनी बँडला खूण केली, बँड सुरू झाला, नवरदेवाने फेटा नीट केला.

आत्या मात्र हातात लोखंडाचा एक छोटा तुकडा घेऊन चेक रेलच्या फटीत जागोजागी घालून बघत होती. फट मोजायचं ते माप. सगळीकडे गेलं. परभणीकडच्या टोकाला गेलं नाही.

ती म्हणाली, "हे टोक खोला."

बँड आपला वाजतोच आहे.

मुकादम जवळ आला आणि आवाज खाली घेऊन बोलला. मी तोवर सावलीतून उठून जवळच उभी होते. "मॅडम, उगं नखाएवढं हाय. घरचं लगीन हाय तुमच्या. आज भरून घेऊ, पुढच्या फेरीला बगू."

माणूस वाईट नव्हता. तिच्याच भल्यासाठी बोलत होता. पण आज "बगू" म्हटलं की उद्या प्रत्येक फाटकात कुणाचं तरी लग्न निघणार, हे तिला कळत होतं आणि गँगलाही कळत होतं. सगळे हात थांबवून ती काय करते ते बघत होते.

"पुढच्या फेरीच्या आधी गाडी जाईल," ती म्हणाली. "खोला."

धाकटे आजोबा तरातरा पुढे आले. "खोला म्हंजे? किती कमी पडायलंय?"

तिने करंगळीचं नख दाखवलं.

"नखापायी माझ्या पोराचं लगीन अडिवतीस? आता खोलणार, मग बसिवणार, मग रस्ता भरणार. दिवस मावळंल! तिकडं मुलीकडचे लोक त्यांच्या मारुतीपाशी ताशे घिऊन उभे ऱ्हात्याल. इज्जतीचा सवाल हाय, पोरी. तू आमच्या घरची का रेल्वेची?"

"गाडीला वाट तेवढीच असते, काका. नखाएवढं तुम्हाला थोडं. चाकाच्या कडेला नाही."

"वैनी!" त्यांनी मला हाक मारली. "तुमी सांगा. तुमचं ऐकंल ती."

सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं. बँडसुद्धा थांबला. आत्याने मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या टोकाशी उकिडवी बसली होती. लहानपणी चादरीचं चौथं टोक बघायला ती अशीच बसायची, आणि तुमचे वडील तोवर झोपूनही गेलेले असायचे.

दीर म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्या घरचं पहिलं लग्न. आणि समोर माझी मुलगी. मी टेम्पोकडे गेले, दशम्यांचा डबा काढला आणि म्हणाले, "वेळ लागणार आहे. सगळ्यांनी दोन घास खाऊन घ्या. गँगमधल्या माणसांनाही वाढा."

धाकट्या आजोबांना उत्तर मिळालं. "आई तशी लेक," ते म्हणाले आणि बाभळीकडे पाठ करून उभे राहिले. दशमी मात्र घेतली. वर शेंगदाण्याची चटणीही मागून घेतली.

बोल्ट पुन्हा सुटले. इतक्यात जीपमध्ये नवरदेवाचा फोन वाजला. तो ऐकत होता आणि कानापर्यंत लाल होत होता. "ती इचारायलीय," त्याने वडिलांना सांगितलं, "फाटक पलीकडून दिसायलंय, नवरदेव का येईना?"

"सांग तिला, तुझ्या नणंदेनं अडिवलाय!"

नवरदेव फोन खिशात घालून पुढे वाकला. मग हळूच म्हणाला, "बाबा, मारुतीपसून दुसरा रस्ता फुटतो की. मोठ्या सडकेच्या पुलावरनं जातो."

"त्याला मागं वळावं लागतंय. रीत मोडतीया."

"वळायचं कशाला? जीप उलटीच घिऊ. माझं तोंड इकडंच ऱ्हातंय."

बाळांनो, त्या मुलाने आयुष्यात फार हुशारीची कामं केलेली नाहीत, पण हे एक केलं. धाकट्या आजोबांनी एकवार आकाशाकडे पाहिलं, बहुधा पूर्वजांची परवानगी घेतली, आणि धोतर खोचून जीपच्या मागे जाऊन उभे राहिले. "येऊ द्या! येऊ द्या! जरा डाव्या अंगाला!"

बाकीच्या गाड्या मोकळ्या रानात उतरून वळल्या आणि पुढे गेल्या. त्यांच्या मागे जीप, उलटी. ड्रायव्हर मान मोडेपर्यंत मागे बघतोय, धाकटे आजोबा उपरणं हलवत उलटे-सुलटे पळतायत. बँडवाल्यांचा वेगळाच प्रश्न. नवरदेवाच्या पुढे चालायचं ही त्यांची सवय, आणि नवरदेव तर मागे चाललेला. शेवटी ते त्याच्या तोंडासमोरून वाजवत चालत राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की बँड नवरदेवाला फाटकावरून हाकलून लावतोय.

फाटकाकडे तोंड करून मागे मागे जाणाऱ्या नवरदेवाला शेवटपर्यंत एकच गोष्ट दिसत होती, रुळात बसलेली त्याची बहीण. तिने मान वर करून हात हलवला. त्याने जीपमधूनच हात जोडले. जीप मारुतीपर्यंत उलटी गेली. तेवढीच. तिथून दुसऱ्या रस्त्याला लागली आणि सरळ झाली. परभणी, पिंगळी, वजनकाटा, सगळं नंतर वाढलेलं.

आणि गंमत बघा. इतका वळसा घालूनही आम्ही मुलीच्या गावी वेळेच्या आधी पोचलो, कारण निघालोच बारा वाजता. ताशेवाले अजून जेवत होते. आमच्या घराण्यातलं वेळेवर लागलेलं हे पहिलं लग्न. त्याचं श्रेय मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मांडवात अक्षता वाटत असताना रुळाकडून शिट्टी ऐकू आली. गाडी संथ येत होती. कामानंतरची पहिली गाडी तशीच सोडतात. मी अक्षतांचं ताट खाली ठेवलं. चाकांचा आवाज फाटकाशी आला, फाटकातून गेला, एका लयीत पुढे गेला. शेवटचा डबा गेल्यावर मी वळले तर धाकटे आजोबा माझ्यामागेच उभे होते, रुळाकडे कान देऊन. मला बघून म्हणाले, "उदबत्ती कुठं ठिवली, तेच बघायलोय."

थोड्या वेळाने आत्या आली. जाकीट काढलं होतं, पण केसात धूळ आणि हातांना ग्रीस. त्या टोकाला चेक रेल आणि त्याला मागून टेकू देणारा लोखंडी ठोकळा यांच्यात खडीचा एक चपटा तुकडा अडकला होता, तो काढल्यावर माप सरळ आत गेलं, असं तिने मला सांगितलं. मी तिला तांब्याभर पाणी दिलं.

"आली का आमची वाट अडिवणारी!" धाकट्या आजोबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मंगलाष्टकं सुरू होणार होती, नवरा-नवरीच्या मधे अंतरपाट धरला होता. त्यांनी तिचा हात धरून तिला थेट पुढे नेलं. "बघ माय, अंतर बरोबर हाय का? तू म्हनशील तर खोलून पुन्ना बसिवतो दोघांला."

मांडव हसला. आत्या हसली नाही. तिने अंतरपाटाकडे नीट बघितलं आणि धरणाऱ्या मामांना म्हणाली, "डावं टोक थोडं वर घ्या." मग मंगलाष्टकं लागली.

ते फाटक आता नाही. रस्ता रुळाखालच्या बोगद्यातून जातो. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, आणि धाकटे आजोबा ट्रॅक्टर थांबवून, फाटक बरं होतं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. रस्ताच नाही म्हटल्यावर चेक रेलही काढून नेले. शेजारी दुसरा मार्ग आला, वर विजेच्या तारा आल्या. नवरदेवाने मारुतीपासून गावाकडे तोंड करायचं नाही, ही रीत मात्र अजून आहे. तुमची आत्या अजून त्याच भागात आहे. फाटक होतं तिथे आता चार रूळ आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर बरोबर आहे.